बुरेइकोची दुपार

साहेब, तुम्ही खोटं बोललात. घाईत नाही, घाबरून नाही. डोळ्यांत पाणी आणून, हातात माइक धरून, सरळ माझ्याकडे बघत खोटं बोललात. त्या शनिवारच्या खोट्याला मी फसले. सोमवारी टाय बांधून जे बोललात, त्यात मुकुल गेडाम बुडाला.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, मला माहीत आहे. नऊ वर्षं मी तुमची गाणी माझ्या लिपीत उतरवून घेतली. तुम्ही हे एक पत्र तुमच्या लिपीत उतरवून घ्या. एवढं व्हायला हरकत नाही. याची एक प्रत, इंग्रजी करून, चौकशी करणाऱ्या सरकारी खात्याकडे जाणार आहे. म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत असलेलंही सांगते, कारण त्या सोमवारपासून तुम्हाला नक्की काय माहीत आहे याचा मला भरवसा उरलेला नाही.

तुम्ही जपानहून आलेले, आमच्या तुआसच्या रेझिन कारखान्याचे शाचो. शाचो म्हणजे प्रमुख, शेवटची सही तुमची. मी एकता रामटेके, प्रोसेस इंजिनीअर. नऊ वर्षांपूर्वी जॉइन झाले त्याच आठवड्यात तुमच्या लोकांनी मला कराओकेच्या खोलीत नेलं आणि माइक हातात दिला. मी हिंदी गाणं शोधलं. मशीनमध्ये नव्हतं. सगळे हसले, तुम्हीही हसलात, आणि मी खाली बसले. मला कुणी खाली बसवलेलं चालत नाही. लहानपणापासूनच चालत नाही. त्याची कारणं सांगत बसत नाही, माझं आडनाव ज्यांना कळतं त्यांना ती कळतील.

मी वही घेतली. रोमन अक्षरांत जपानी गाणं वाचताना जीभ अडखळते, आमचे तमिळ सहकारी अजून अडखळतात. देवनागरीत अडखळत नाही. तुमची अक्षरं आमच्या बाराखडीसारखीच, प्रत्येक व्यंजनाला स्वर चिकटलेला. का, की, कु, के, को. पहिलीतल्या पोरीसारखी मी पुंगोलच्या आमच्या घरी स्वयंपाकघरात उभी राहून घोकायचे. माझी मुलगी इरा तेव्हा दोन वर्षांची होती. आता अकरा वर्षांची आहे आणि म्हणते, "आई, यू सिंग लाइक समबडी डाय लाह."

बरोबर म्हणते. तुमची कराओकेतली गाजलेली गाणी म्हणजे कुणीतरी गेलेलं असतंच. चार महिन्यांत मला कळलं की त्यांत फिरून फिरून चारच गोष्टी येतात: बर्फ, बंदर, स्टेशन आणि रिकामा पेला. 'तू मला सोडून गेलास' असं तोंडावर कुणी म्हणत नाही. खिडकीवर बर्फ साचला म्हणतात, आणि ऐकणाऱ्यानं रडायचं. मला सुरुवातीला राग यायचा. अरे, बोला ना सरळ! मग हळूहळू मलाही रडू यायला लागलं. आवाजाला मध्येच जो पीळ द्यायचा असतो, त्याला तुम्ही कोबुशी म्हणता. तो मला शिकावा लागला नाही. माझे वडील, भाऊसाहेब मेश्राम, भंडाऱ्याकडे गायन पार्टी चालवायचे. एप्रिल महिना घरी नसायचेच. जयंतीचे कार्यक्रम, आज ह्या वस्तीत, उद्या त्या. त्यांच्या गळ्यातला पीळ माझ्या गळ्यात आहे, आणि तुमच्या मशीननं त्याला शंभरातले एक्क्याण्णव मार्क दिले.

पण एक फरक होता, तो मला तेव्हा कळला नाही. आमच्याकडे माणूस चौकात उभा राहून गातो ते साक्ष दिल्यासारखं. बाबा पेटीवाल्याला सांगायचे, "जे गातोस त्याच्यामागं उभं राहता येत नसेल तर पेटी झाक." तुमच्याकडे गाणं म्हणजे झाकण निघतं, वाफ जाते, झाकण परत बसतं. मी प्रोसेस इंजिनीअर आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह मला ओळखता यायला हवा होता.

आता मुकुलचं.

मुकुल गेडाम आमचा शिफ्ट सुपरवायझर. मूळचा वर्ध्याचा, वय बेचाळीस. तो आणि त्याची बायको सरिता आमच्यापासून दोन ब्लॉक सोडून राहतात. कंपनीची बस पुंगोलहून तुआसला जाते, बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. त्या बसमध्ये आम्ही सात वर्षं शेजारी बसलोय. बसमध्ये तो मला "मॅडम" म्हणतो, तेही चिडवायला. घरी "एकताताई".

आपल्या कारखान्यात पिवळी कार्डं असतात. अपघात झाला नाही, पण थोडक्यात वाचलो, असं काही दिसलं की कार्ड लिहायचं आणि पेटीत टाकायचं. तुमचा शब्द हियारी-हात्तो. अंगावर सर्रकन काटा येतो तो हियारी, श्वास अडकतो तो हात्तो. मी आणि मुकुल त्याला 'धस्स कार्ड' म्हणायचो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी धस्स कार्ड लिहिलं: तीन नंबरच्या रिअॅक्टरच्या स्टीम लाइनवरचं दाबाचं गेज अडकतं. आत दाब असताना काटा शून्यावर. गेज बदलावं, तोवर लाइन उघडू नये.

पेटी दर शुक्रवारी तुम्ही स्वतः उघडता. कारखान्यात त्याचं कौतुक आहे, मलाही होतं. सोमवारी तुम्ही मला कॉरिडॉरमध्ये थांबवलंत, कार्ड दाखवलंत. त्यावर तुमचा लाल शिक्का होता आणि शेजारी दोन-तीन अक्षरं: विचार चालू आहे. "चांगलं निरीक्षण, एकता-सान," म्हणालात. मी खूश. घरी येऊन सुगतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलंसुद्धा.

गेज बदलायचं तर लाइन दोन दिवस बंद ठेवावी लागणार होती. आणि गेटवरच्या फलकावर 'अपघाताविना दिवस' नऊशे साठच्या पुढे गेले होते. हजाराव्या दिवशी जपानहून हेड ऑफिसचे लोक येणार होते. लाइन बंद का, हे त्यांना कुणी सांगायचं?

नऊशे सत्त्याऐंशीव्या दिवशी मुकुलनं गेज पाहिलं, काटा शून्यावर होता, त्यानं ड्रेन उघडला. वाफ उजव्या हातावर आली, कोपरापासून मनगटापर्यंत. मांडीची कातडी काढून हातावर लावली. फलक शून्यावर आला.

दोन आठवड्यांत अहवालाचा मसुदा फिरला. कारण: ऑपरेटरची चूक, केवळ गेजवर विसंबला. माझ्या कार्डाचा उल्लेख नाही. कार्डांच्या रजिस्टरमध्ये पाहिलं, तिथंही नाही. फोन प्लांटच्या आत नेता येत नाही, त्यामुळे माझ्याकडे फोटो नाही. त्या अहवालावर मुकुलची नोकरी लटकलेली. नोकरीवर या देशात राहायचा पास. आणि पासवर सरिताचं इथलं राहणं. ती गोष्ट कारखान्यात फक्त मला माहीत होती: सरिताला स्तनाचा कॅन्सर आहे. सहातले चार डोस इथं झालेत, दोन बाकी. मुकुलनं ते मला बसमध्ये सांगितलं होतं, खिडकीबाहेर बघत. म्हणाला, "ताई, हे तुमच्या-माझ्यात. सरिताला कुणाची दया नकोय." मी म्हटलं, माझ्या तोंडून जाणार नाही.

आणि मग तो शनिवार.

तुमचा एक इंजिनीअर जपानला परत चालला होता, त्याचा निरोप. दुपारी तीन वाजता, बुओना व्हिस्टाजवळच्या मॉलमध्ये, चौथ्या मजल्यावर. आम्ही बारा जण. मुकुल रजेवर, हाताला पट्टी. खोलीत शिरल्याबरोबर तुम्ही टाय काढलात, टेबलावर फेकलात आणि म्हणालात, "आज बुरेइको!"

हा शब्द मला तुम्हीच शिकवला होता. बुरेइको म्हणजे आज कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. पद दाराबाहेर. मनातलं बोला, कुणी धरून ठेवणार नाही. तुमच्या देशात असा शब्द आहे, त्यासाठी वेगळी दुपार काढून ठेवलेली असते, याचं मला किती अप्रूप वाटलं होतं! मी वडिलांना फोन करून सांगितलं होतं. ते म्हणाले, "एका दुपारपुरतं कशाला मग? रोजच का नाही?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोट काढता."

माझ्या शेजारी केंग सून बसला होता. मेंटेनन्सचा प्रमुख, इथलाच, कंपनीत वीस वर्षं. तो ऑरेंज ज्यूस मागवत होता.

"बिअर नाही?" मी विचारलं.

"बॉस बुरेइको म्हणाला की मी ज्यूस पितो," तो म्हणाला. "आज बोललेलं कुणी धरत नाही म्हणे. ऐकू तर येतं ना? यू डोन्ट एनीहाऊ टॉक आह, एकता."

मी हसले. मला वाटलं, वीस वर्षांत माणूस भित्रा होतो.

आता माझं खरं सांगते, कारण तुमचं खोटं काढायचं तर माझं झाकून चालणार नाही. मी ते गाणं मुद्दाम निवडलं. कुठल्या गाण्याला तुम्ही रडता ते मला पाठ आहे. बर्फाला तुम्ही नुसती मान हलवता, स्टेशनला टाळी वाजवता. पण 'भावाची छत्री' लागलं की चष्मा काढता. बंदरावर धाकटा भाऊ मोठ्याची वाट बघतो, बोट येते, उतारूंपैकी कुणीतरी त्याच्या हातात भावाची छत्री देतं. बस, एवढंच गाणं. त्यातली एक ओळ मी वहीत लाल शाईनं लिहिली आहे: कासा वा आरु, आनी वा इनाइ. छत्री आहे, भाऊ नाही. तुमच्या भाषेत 'आहे' दोन असतात. वस्तूला आरु, जिवंत माणसाला इरु; इनाइ हा त्या इरुचाच नकार. आमच्या मराठीत एकच 'आहे' सगळ्यांना पुरतं, खुर्चीलाही आणि आईलाही. त्या एका ओळीत दोन वेगळी 'आहे' शेजारी ठेवून माणूस मेल्याचं सांगून टाकलंय. मला ती ओळ फार मोठी वाटायची. अजून वाटते, गाणं लिहिणाऱ्याचा त्यात काही दोष नाही.

मी गायले. सगळा पीळ लावून गायले. बाबांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, पोरगी कामासाठी गातेय.

तुम्ही चष्मा काढलात. गाणं संपल्यावर माझ्या शेजारी येऊन बसलात. केंग सून उठला आणि गाण्यांची यादी बघायला पलीकडे गेला. तुम्ही म्हणालात, "एकता-सान, मला खरोखरच मोठा भाऊ होता."

मग तुम्ही सांगितलंत. कागदाच्या गिरणीत होता. रोलरमध्ये गेला. कंपनीचा माणूस घरी आला, तुमच्या आईसमोर गुडघे टेकून वाकला, आणि म्हणाला की चूक त्याचीच होती, तो बेसावध होता. तुमची आई त्या माणसासमोरही काही बोलली नाही, नंतरही नाही. तुम्ही चौदा वर्षांचे होतात.

साहेब, मी तिथं रडले. नाटक नव्हतं ते. आणि रडता रडता बोलले, "मग मुकुलचं तेच का करताय? माझं कार्ड कुठं आहे?"

तुम्ही पेला खाली ठेवलात. समोर निरोपाचा इंजिनीअर काहीतरी उड्या मारत गात होता. मग म्हणालात, "माझ्या ड्रॉवरमध्ये. वरच्या. मी फाडलं नाही."

हे तुमचे शब्द. मी एकही बदललेला नाही.

मी म्हटलं, "अहवालाला जोडा."

तुम्ही म्हणालात, "मुकुल कसा माणूस आहे? घरी काही त्रास आहे का? हल्ली थकलेला दिसायचा."

मला वाटलं, विरघळला. मला वाटलं, भाऊ गमावलेला माणूस आहे, आणखी एक गोष्ट कळली की पुरता वळेल. आणि मी तोंड उघडलं. सरिताचा आजार सांगितला. चार डोस झाले, दोन राहिले, सांगितलं. रात्री तिला उलट्या होतात, मुकुल उशाशी बसून असतो, सकाळी बसमध्ये डुलक्या काढतो, हेही सांगितलं. डुलक्या! तो शब्द कुणी मागितला होता माझ्याकडे?

तुम्ही माझ्याकडे वळलात, माइक तुमच्या हातात होता, पुढचं गाणं तुमचं होतं. म्हणालात, "माकासेते." माझ्यावर सोपव. "सोमवारी मी स्वतः दुरुस्त करतो." आणि उठून रिकाम्या पेल्याचं गाणं म्हटलंत. मशीननं अठ्ठ्याहत्तर दिले. मी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या.

एमआरटीच्या गाडीतून घरी येताना मी मुकुलला मेसेज केला: काळजी करू नकोस, काम झालं.

सोमवारी साडेनऊला मी तुमच्या केबिनमध्ये आले. तुम्ही उभे राहिलात, हसून खुर्ची दाखवलीत. मी म्हटलं, "कार्ड?"

"कुठलं कार्ड?"

"ड्रॉवरमधलं. शनिवारी तुम्ही म्हणालात."

तुम्ही मान किंचित वाकडी केलीत, ओठांतून हवा आत ओढलीत. नऊ वर्षांत मला कळलंय की तो आवाज म्हणजे नकार. मग इतक्या गोड आवाजात म्हणालात, "शनिवारी सगळेच प्यालेले होतो. बुरेइकोमध्ये बोललेलं आम्ही दुसऱ्या दिवशी विसरतो, तीच रीत आहे. तुम्हाला आमची संस्कृती इतकी छान कळते, एकता-सान. तुम्हाला वेगळं सांगायला नको."

माझ्या कानशिलात बसली. तुमची भाषा शिकले, गाणी शिकले, पीळ लावून गायले, त्याचं बक्षीस हे. संस्कृती कळते ना? मग गप्प बस. ज्यांना काही कळत नव्हतं ते बरे होते, त्यांना निदान नुसतं हाकलता आलं असतं.

मी म्हटलं, "वरचा ड्रॉवर उघडा."

तुम्ही म्हणालात, "दहाला माझी मीटिंग आहे."

मी बाहेर आले. तोवरसुद्धा मला वाटत होतं की बाई, तू मूर्ख ठरलीस, पण नुकसान काही नाही. होतं तिथंच आहे सगळं. बुधवारी अंतिम अहवाल आला. इंग्रजी आणि जपानी, दोन्ही. पान सहा. दुय्यम कारण: ऑपरेटरच्या पत्नीवर कॅन्सरचे उपचार चालू, रात्रीची झोप अपुरी, कामाच्या वेळी डुलक्या, ही स्थिती व्यवस्थापनापासून लपवली.

मी ते उभ्यानं वाचलं. मग जपानी प्रत काढली. नऊ वर्षांत तुमची अक्षरंही थोडी शिकलेय; वाचायला वेळ लागला, पण वाचली. मुकुलचं नाव कुठंच नाही, 'तो घटक' आहे. आणि त्या घटकाला आरु लावलंय. घटक म्हटल्यावर व्याकरणानं तेच लागणार, हो. पण माणसाला घटक म्हणायचं हे तुमच्या व्याकरणानं ठरवलेलं नाही.

केंग सूनला कागद दाखवला. त्यानं चष्मा वर करून पान सहा वाचलं, परत दिलं.

"तू सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"हो."

"आय्या," तो म्हणाला. बस, तेवढंच. मग जाता जाता, "ड्रॉवरचं मी ऐकलं नाही हं. मी यादी बघत होतो."

त्याला मी दोष देत नाही. त्याची वीस वर्षं झालीत, निवृत्तीला अजून पाच राहिलीत. पण हेही लिहून ठेवते की त्यानं न विचारता सांगितलं की त्यानं ऐकलं नाही.

शुक्रवारी मुकुलला पत्र दिलं. स्थिती लपवल्यामुळे करार संपुष्टात. पास रद्द, देश सोडायला तीस दिवस.

सुगत म्हणाला, "तू मुकुल-सरिताकडे जाऊन सांग. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत." मी म्हटलं, मला भीती वाटते. तो म्हणाला, "वाटायलाच पाहिजे." मग थोड्या वेळानं म्हणाला, "अगं, तो तुझा मित्र नव्हता. तो तुझा शाचो होता. रडतानासुद्धा."

मी संध्याकाळी सहाला गेले. मुकुलनं दार उघडलं, डाव्या हातानं. "या मॅडम, काम झालं ना!" तो म्हणाला. माझाच मेसेज. सरिता सोफ्यावर बसली होती, डोक्याला ओढणी, मांडीवर लिंबाची फोड वाटीत. उलटी थांबायला वास घेते ती.

मी बसले नाही. सगळं सांगितलं. छत्रीचं गाणं, तुमचा भाऊ, कार्ड, आणि माझं तोंड. मुकुल भिंतीकडे बघत राहिला. सरिता माझ्याकडे बघत होती.

"मार्क किती पडले?" तिनं विचारलं.

"काय?"

"गाण्याला गं. मशीन मार्क देतं ना?"

"एक्क्याण्णव."

"आणि माझा कॅन्सर कुठल्या कडव्यात बसवलास?"

तिनं वाटीतली फोड नाकाशी नेली.

"मी शेजारच्या बाईलासुद्धा सांगितलं नाही, एकता. आईला नागपूरला सांगितलं नाही. आता तो कागद सरकारी फायलीत. इंग्रजीत, आणि कुठल्या भाषेत म्हणालीस?"

"जपानीत."

"वा. जपानमध्ये माहीत आहे, आईला नाही."

मुकुल म्हणाला, "सरू, जाऊ दे. ताईनं आपल्यासाठीच केलं."

"माहितीये कुणासाठी केलं," सरिता म्हणाली. "म्हणून तर जास्त राग येतोय. परक्यानं केलं असतं तर शिवी दिली असती आणि मोकळी झाले असते."

तिनं वाटी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. "तो भाऊ तरी खरा होता का गं त्याचा?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

साहेब, ते खरंच मला माहीत नाही. रोज बसमध्ये, शेजारची सीट रिकामी, मी हाच विचार करते. भाऊ गाण्यातलाच असेल तर तुम्ही भामटे आहात. आणि खरा असेल तर तुम्ही त्याहून वाईट आहात, कारण आईसमोर वाकलेल्या त्या माणसाची जागा तुम्हाला रिकामी दिसली आणि तुम्ही जाऊन बसलात.

निघताना मुकुल दारापर्यंत आला. म्हणाला, "ताई, एक करा. आता गप्प बसू नका. आमचं सगळं बाहेर आलंच आहे. तुमचं आणि त्याचं काय झालं तेही येऊ द्या."

म्हणून हे पत्र. तीस दिवसांतले अकरा गेलेत. खात्यासमोर सुनावणी गुरुवारी दहा वाजता. कार्ड सापडलं तर अहवाल बदलावा लागेल, अहवाल बदलला तर मुकुलला काढण्याचं कारण कोलमडेल, आणि सरिताचे दोन डोस त्याच डॉक्टरच्या हातून होतील. एवढं सगळं एका पिवळ्या कागदावर अडलंय. मी तिथं सांगणार आहे की कार्ड मी लिहिलं. शिक्का पाहिला. ड्रॉवरचं तुमच्या तोंडून ऐकलं. आणि हेही सांगणार आहे की सरिताचं आजारपण तुमच्या कानात मी घातलं, तुमची मर्जी मिळवायला, गाणं म्हणून. मला लाज वाटते, तरी सांगणार आहे. नोकरी जाईल ती जाईल. माझा राजीनामा खुशाल मागा, मी देणार नाही. काढून टाका, कारण लेखी द्या.

तुमची रीत आहे ना, की खोलीतलं खोलीत ठेवायचं? मान्य, ठेवू. मग माझं बोलणं पान सहावर कसं पोचलं? तुमचं वाक्य रविवारी विसरलात आणि माझं वाक्य बुधवारपर्यंत शब्दन् शब्द लक्षात राहिलं, 'डुलक्या'सकट. विसरायची रीत फक्त वरच्यासाठी आणि लक्षात ठेवायची खालच्यासाठी असेल, तर त्याला बुरेइको म्हणू नका. त्याला आमच्याकडे जुना शब्द आहे, आणि तो मोडायला माझ्या माणसांची हयात गेलीय.

मला माफी नको. वाकू नका. डोळे पुसू नका. बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत मला तुमच्या सहीनं एक ओळ हवी. 'विचार चालू आहे' असं लिहून परत पाठवू नका, हवा आत ओढून मीटिंगला जाऊ नका. 'हो' किंवा 'नाही', दोन्हीपैकी एक.

तीन नंबरच्या गेजचं माझं कार्ड तुमच्या वरच्या ड्रॉवरमध्ये आहे की नाही?